अनुभव धागा: उघड्यावर निसर्गचित्र आणि खानदेशचे आभाळ

काल संध्याकाळी जळगावात वारा सुटला, धुळीमागोमाग चार थेंब पडले आणि मी कपाटावरची जुनी गुंडाळी काढली. फार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमापाशी मी जलरंगांत देऊळ रंगवत होतो. आकाशाचा पहिला हात ओला होता, माझी मान खाली होती, आणि मागे उभा असलेला गुराखी “पानी उनं, भाऊ!” असे ओरडेपर्यंत टपोऱ्या थेंबांनी कागदावर फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे डाग उमटवले होते. ते आकाश आजही जिवंत वाटते; घरी आणून सावकाश पुरे केलेले देऊळ मात्र मेलेले आहे. आपणही लिहावे.

रावेरकर: पाऊस परवडतो, मे महिन्यातले ऊन नाही. पारा 45 अंशांकडे जाऊ लागला की कुंचला कागदाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत वरची कड वाळते आणि तिची रेघ कायमची राहते. म्हणून मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवतो, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकतो आणि नऊच्या आत उठतो. एकदा काकांच्या केळीबागेचे चित्र अर्धे सोडून आलो आणि दुसऱ्या दिवशी गेलो, तर रात्रीच्या वादळाने बाग आडवी झाली होती. काकांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे पंचनाम्याला चालेल का रे?” ते चित्र मी पुढे पुरे केले नाही.

सातपुडा: दादा, वाचून वाईट वाटले. ग्लिसरीन मात्र पावसाळ्यात कुणी वापरू नये, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते. तोरणमाळला माझी दोन चित्रे त्यामुळे एकमेकांना चिकटली. तिसऱ्या चित्राच्या वेळी धुक्याने यशवंत तलावच गिळला, तेव्हा कोऱ्या कागदावर सही करून परतलो.

लळिंगकर: मी तैलरंगवाला असल्यामुळे थेंब झटकून टाकतो, माझे वैर वावटळीशी आहे. ताणलेला कॅनव्हास शिडासारखा वारा धरतो, म्हणून घोडीच्या (कॅनव्हास ठेवायच्या तिवईच्या) मधोमध दगडांची पिशवी टांगतो. तरीही किल्ल्याच्या एका चित्रात लळिंगचीच माती बसली असून, बोट फिरवल्यास ती खरखरीत लागते.

भुसावळची अक्का: थोडी बगल देते. 1844 मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमलेल्या रॉबर्ट गिलची कबर आमच्या भुसावळात आहे. त्याच्या बहुतेक नकला इथल्या हवेतून सुखरूप निघून लंडनला पोहोचल्या आणि तिथे 1866 च्या आगीत जळाल्या. सातपुडाताई, तुमची चिकटलेली चित्रे सुटली का?

सातपुडा: सुटली, अक्का. एकाचा डोंगर दुसऱ्याच्या आकाशात गेला आहे.