पेनल्टी मारताना पाय लटपटतात, श्वासाचं काही करता येतं का? (कोल्हापूर)

बाहेर_गेलेली_पेनल्टी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २४, पेठेतल्या एका संघाकडनं फुटबॉल खेळतो. संघाचं नाव सांगत नाही, नायतर धागा भलतीकडंच जाईल. प्रॅक्टिसला गांधी मैदानावर दहातल्या नऊ पेनल्टी आत जातात, आमचा गोली वैतागून ग्लोव्हज फेकतो. पण शाहू स्टेडियमवर गॅलरी भरलेली असली, दोन्हीकडनं आरडाओरडा चाललेला असला आणि बॉल स्पॉटवर ठेवला की कायतरी होतं बघा. छातीत धडधड, तोंड कोरडं, पाय तर दुसऱ्याचेच लावल्यागत. गेल्या सीझनला टायब्रेकरला दोनदा मारायला गेलो, एक बाहेर, एक सरळ गोलीच्या हातात. दुसऱ्या वेळेला घरी गेलो तर आई म्हटली जेवून घे, वडील काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. चौकात पोरं अजून मला ‘बाहेर’ म्हणूनच हाक मारतात.

एकानं सांगितलं श्वासाचे व्यायाम कर, ध्यान कर. ॲप घेतलं. त्यातली बाई इंग्रजीत सांगते समुद्रकिनारी बसलाय अशी कल्पना करा, मला समुद्र म्हटलं की गणपतीपुळ्याला गाडी रुतलेली आठवते, मन शांत कुठलं व्हायला.

तर खरंच उपयोग होतो का, कुणी स्वतः केलंय का, कोल्हापुरात कुणाकडं जावं, आणि ऐन वेळेला मैदानावर नेमकं करायचं काय? उपदेश नको, केलेलं सांगा.

शंकासुर
भावा, रोज शंभर पेनल्टी मार. श्वास काय, जन्मल्यापासनं घेतोयसच की.

दुधाळीची_ताई
शंकासुर, तो दहात नऊ मारतोय म्हणतोय, शंभर मारून प्रॅक्टिसला ९० जातील, त्याचा प्रश्न तो नाहीच.

मी दुधाळीच्या रेंजवर काही वर्षं रायफल शूटिंग केलंय, जिल्हा-राज्य लेव्हलपर्यंत, फार मोठी कुणी नाही. पण आमच्या खेळात श्वास म्हणजे अर्धा खेळ, म्हणून सांगते. ५० मीटरवर दहा गुणांचं जे वर्तुळ असतं ते फक्त १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. तेवढ्यावर नेम धरला की श्वासाबरोबर नळी वरखाली होते ती डोळ्यांना दिसते. हाताला पट्टा आवळलेला असतो, त्यातनं नाडीचा ठोकासुद्धा नळीला जाणवतो. म्हणून आम्ही करतो असं की श्वास आत, मग बाहेर सोडत आणायचा आणि तो सोडून झाल्यावर पुढचा घ्यायच्या आधी जी एक आपोआप थांबायची जागा येते ना, तिथं गोळी. पाच-सात सेकंदं मिळतात. त्यात झालं तर झालं, नाही झालं तर रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासनं. जबरदस्तीनं धरून ठेवलं तर नजर धुरकट होते, हात जास्तच थरथरतो. मला वाटतं मी सगळ्यात उशिरा काय शिकले असेन तर ते हे खाली घेणं. अहंकार आडवा येतो, आता एवढा वेळ धरलंय तर मारूनच टाकू असं वाटतं. तुझी सरळ हातात गेलेली पेनल्टी तसलीच असणार बघ, ‘उरकून टाकू’ वाली.

दुसरं. स्वप्नील कुसाळे, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ४५१.४ मारून ब्राँझ घेतलं. मॅचनंतर तो काय बोलला आठवतंय का? सकाळपासनं काही खाल्लं नव्हतं, काळा चहा पिऊन आला होता, पोटात गोळा, काळीज जोरात धडधडत होतं, मग श्वास सांभाळला आणि वेगळं काही करायला गेला नाही. म्हणजे ऑलिंपिक फायनलला उभ्या असलेल्या माणसाचंही धडधडतच होतं. तू धडधड बंद करायच्या मागे लागलायस, ती होत नाही बंद. तिच्यासकट मारायचं.

बाहेर_गेलेली_पेनल्टी
ताई हे डोक्यातच नव्हतं आलं. पण तुमच्याकडं शांतता असते, आमच्याकडं कानाशी हलगी वाजत असते, आईबहिणीवरनं शिव्या असतात.

दुधाळीची_ताई
आता मोठ्या फायनलना आमच्याकडंही म्युझिक लावतात, प्रेक्षक ओरडतात. शिव्या नसतात एवढं खरं. 😄 आवाज बंद होईल याची वाट बघू नकोस, मनाला एक बारकं काम दे. मी श्वास सोडताना मनात ‘सोड’ म्हणायची. एवढंच. बाकीचे विचार येतात, येऊ देत, त्यांच्याशी भांडत बसलं की संपलं. मन रिकामं बिकामं काही होत नाही कुणाचं.

लाल_माती_६२
पोरा, मी जुना माणूस, तालमीतला. गुडघे गेलेत पण पहाटे अजून आखाड्याजवळ जाऊन बसतो.

आमच्याकडं याला श्वास कुणी म्हणत नव्हतं, दम म्हणायचे. जोर मारताना खाली जाताना घ्यायचा, वर येताना सोडायचा, दमाशिवाय एक जोर काढला की वस्ताद पाठीत काठी हाणायचे. कुस्ती सुरू झाली की समोरच्याच्या हाताकडं बघू नको, त्याच्या नाकपुड्या बघ म्हणायचे. ज्यानं तोंड उघडलं त्याचा दम संपत आला. आणि आपला संपत आलाय हे त्याला कळू द्यायचं नाही, तेवढ्यासाठी तोंड मिटून नाकानं घ्यायची सवय. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला एक कुस्ती संपवून आले तर त्यांना पुरती विश्रांती न देता लगेच पुढच्या कुस्तीला उभं केलं असं जुनी माणसं हळहळून सांगतात. तरी ब्राँझ आणलं. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी होता तो. दम म्हणजे काय ते तिथं कळतं, मऊ गादीवर पद्मासन घालून नाही.

तर तू ताजातवाना असताना डोळे मिटून श्वास घेशील त्याला काय अर्थ? धाप लागलेली असताना ताब्यात आणायला शिक. खासबागेत लढत बघायला जा कधी, डाव लागायच्या आधी दोघं हातात हात अडकवून उभे असतात तेव्हा त्यांच्या पोटाकडं बघ. सगळं पोटावर दिसतं.

फिजिओ_शाहूपुरी
काकांचं बरोबर आहे, थोडं कारण सांगते. श्वास आत घेताना ठोके जरा वाढतात आणि सोडताना कमी होतात, हे प्रत्येकाचं होतं, तुम्ही आत्ता मनगटावर बोट ठेवून बघा. व्हेगस नावाची नस आहे, श्वास सोडताना ती हृदयाला ‘हळू’ सांगते. म्हणून आत घेण्यापेक्षा सोडणं लांब ठेवायचं. चार आकडे नाकानं आत, सहा आकडे बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास. रोज दहा मिनिटं, शक्यतो एकाच वेळेला. हात पोटावर ठेवा, खांदे वर जात असतील तर चुकतंय.

‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ असं जे बाहेरनं ओरडतात ना, त्यांना गप्प करा आधी. घाबरल्यावर माणूस आधीच जास्त घेत असतो, त्यात भराभर मोठे घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, पाय हलके वाटतात. तुमचे ‘दुसऱ्याचेच पाय’ कदाचित हेच असेल. त्याच कारणानं मॅचच्या आधी कपालभाती नको. आणि पोहणारे वाचत असतील तर, भराभर श्वास घेऊन पाण्याखाली दम धरायची पैज अजिबात लावू नका, पाण्यातच शुद्ध हरपते, आधी काही जाणवतसुद्धा नाही.

अजून एक, धावल्यावर छातीत घरघर किंवा रात्री खोकला होत असेल तर आधी डॉक्टर. दम्याला प्राणायाम हा पंपाऐवजी नसतो, पंपासोबत असतो.

शंकासुर
ताई एवढ्या उचापतीपेक्षा ठोके कमी करायची गोळी मिळते की मेडिकलला, बीपीवाले घेतात ती.

फिजिओ_शाहूपुरी
बीटा ब्लॉकर. डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय घ्यायची गोष्ट नाही. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर ती डोपिंगमध्ये धरतात, स्पर्धा नसतानासुद्धा बंदी, कारण ठोका हळू झाला की नेम स्थिर होतो. आणि फुटबॉलरला १२० मिनिटं पळायचंय, ठोके वाढायलाच हवेत त्याचे. तुम्ही कुणाला सल्ला देऊ नका बरं.

शंकासुर
🙏

रंकाळा_पाच_राऊंड
मी पळणारा आहे, पेनल्टीतलं काही कळत नाही. पण सावकाश पळताना तोंड मिटून नाकानंच पळायचं ठेवलं तर आपोआप वेग आवरला जातो, पन्हाळ्याच्या चढाला मला त्याचा लय उपयोग झाला. जोरात पळताना मात्र तोंड उघडा सरळ, नाकाचा हट्ट नको. बास एवढंच.

आळते_रिटर्न
आळत्याला रामलिंगच्या वाटेवर विपश्यनेचं केंद्र आहे, हातकणंगले तालुक्यात. दहा दिवस मौन, फी नाही, शेवटी जमेल तेवढं दान. पहिले तीन दिवस फक्त नाकाखाली श्वास बघायचा. मी क्रिकेट खेळायचो तेव्हा गेलो होतो, आल्यावर सोडलेला कॅच डोक्यात राहीना झाला.

लाल_माती_६२
दहा दिवस मौन आणि पेठेतला पोरगा. तिसऱ्या दिवशी भिंतीवरनं उडी मारून येईल.

आळते_रिटर्न
काका 😂 पण खरंय, सीझनच्या मध्ये जाऊ नकोस भावा. आणि ते पेनल्टीसाठी नसतं, तिथं असं सांगून गेलास तर हसतील. माणसासाठी म्हणून जायचं तर जा, मे महिन्यानंतर.

माजी_लेफ्ट_बॅक
सगळं वाचलं. मी खेळलोय याच स्टेडियमवर, म्हणून फुटबॉलचं म्हणून सांगतो, वरचं सगळं त्यात बसवून घे.

टायब्रेकरला सेंटर सर्कलपासनं स्पॉटपर्यंत चाळीसेक मीटर चालत जायला लागतं. सगळ्यांची वाट तिथंच लागते, बॉलजवळ नाही. एकटाच चालतोयस, गॅलरी तुझ्यावर. तर ते चालणं हाच तुझा व्यायाम. चार पावलं घ्यायचा, सहा पावलं सोडायचा, फिजिओताई म्हणाल्या तेच, आकड्यांऐवजी पावलं. कोपरा सर्कलमध्येच ठरवून निघायचा, वाटेत बदलायचा नाही. बॉल स्वतःच्या हातानं ठेव. मागं सरक. शिट्टी वाजली म्हणजे त्याच क्षणी मारलीच पाहिजे असा नियम नाही, रेफ्रीनं परवानगी दिली एवढाच त्याचा अर्थ. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास सोड आणि मग पळ. घाबरलेला माणूस शिट्टीबरोबर सुटतो, लवकर संपावं म्हणून.

आणि शंभर पेनल्टी मारू नको. रोज एकच मार. प्रॅक्टिसच्या शेवटी, स्प्रिंट मारून धाप लागलेली असताना, सगळी पोरं मागं उभी राहून शिव्या देत असताना, सर्कलपासनं चालत येऊन, एक. चुकली तर सगळ्यांना गंगावेशीत दूध. खिशाला लागलं की मॅचसारखं धडधडतं बघ.

लाल_माती_६२
हे बोलला माणूस.

बाहेर_गेलेली_पेनल्टी
सगळ्यांचे लय आभार. करतो आणि सांगतो. ॲप काढून टाकलं.

बाहेर_गेलेली_पेनल्टी (सात आठवड्यांनी)
सांगतो म्हटलो होतो म्हणून आलोय.

चार-सहा रोज रात्री गच्चीवर करतोय, दहा मिनिटं म्हणजे दहाच होतात असं नाही, कधी सहालाच झोप येते. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही, उलट श्वासाकडं लक्ष दिलं की तोच अडकल्यागत व्हायचा. तेव्हा ताईंचं ‘सोड’ वापरलं, आकडे सोडले, मग जमायला लागलं. रोजच्या एका पेनल्टीत आत्तापर्यंत नऊ वेळा दूध पाजलंय, पैशाचं बोलू नका. पण पहिल्या पंधरवड्यात सहा आणि नंतरच्या सगळ्या दिवसांत मिळून तीन. पोरं आता चुकावी म्हणून जीव तोडून ओरडतात, एकजण तर घरनं ताट-चमचा घेऊन येतो.

परवा मॅच टायब्रेकरला गेली. कोचनी विचारलं कोण मारणार, माझा हात माझ्या आधी वर गेला. चौथी माझी. चालताना धडधडत होतंच, तोंडही कोरडं होतं, पण पाय माझे होते. सहा पावलांचं सोडणं गॅलरीत कुणीतरी ‘बाहेर, बाहेर’ ओरडल्यावर मध्येच तुटलं, परत पहिल्यापासनं धरलं. शिट्टी झाली, सोडला, पळालो, ठरवलेल्या डाव्या कोपऱ्यात खाली मारली.

गोलीनं अडवली. बोटाच्या टोकानं. आयला काय उडी मारली त्यानं, मी उभा राहून बघतच बसलो.

पण रात्री झोप लागली. वडील म्हटले, चांगली मारली होतीस.

दुधाळीची_ताई
अरे वा! आणि मॅच?

बाहेर_गेलेली_पेनल्टी
जिंकलो की. त्यांची पाचवी बाहेर गेली.

दुधाळीची_ताई
मग त्या बिचाऱ्याला या धाग्याची लिंक पाठव.

बाहेर_गेलेली_पेनल्टी
तो दुसऱ्या पेठेतला आहे ताई. त्याला नको.