टेकडी फुकट असताना जिमला पैसे कशाला? (उत्तर लांब आहे)

वजनकाटा
परवा इथे कुणीतरी लिहून गेलं, "वेताळ टेकडी फुकट आहे. एसीत पट्ट्यावर चालायला पैसे मोजणारे पुणेकर नव्हेतच." खाली अंगठ्यांची रांग. ती बघून राहवलं नाही.

पट्ट्यावर चालायलाच जिमला जात असाल तर टीका कबूल, पैसे पाण्यात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत दोन गोष्टी आहेत आणि आपण पहिलीच वाचतो: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम. दुसरी म्हणजे आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम. टेकडीने पहिली भागते, दुसरी नाही, कारण टेकडीचं वजन वाढत नाही. पहिल्या महिन्यात धाप लागते, सहाव्या महिन्यात माणूस राजकारणावर गप्पा मारत चढतो. आणि ओढण्याचं काम टेकडीवर आहे कुठे? पाठ, दंड, पकड सगळं उपाशी.

जिममध्ये रोइंगला, म्हणजे बसून दांडी पोटाकडे ओढायच्या मशीनला, १५ किलो लावा. ८ ते १२ वेळा, दोन सेट, मध्ये दोन मिनिटं दम. दोन्ही सेटना १२ निघाले की अडीच किलो वाढवा, पायांना पाच. सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलणं), छातीसमोर ढकलणं, रोइंग, वरून खाली ओढणं, जमिनीवरून वजन उचलणं, बास. चाळीस मिनिटं. साखर असणाऱ्यांनी तर हे सोडूच नये: काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांनाही वजन लागतं, नुसत्या चालण्याने मणक्याला फारसं काही मिळत नाही.

टेकडीकर
ते अंगठे जिवंत माणसांचेच होते. तुमचं गणित कागदावर छान आहे. जिमचं खरं गणित वेगळं: वर्षाचे पैसे जानेवारीत घ्यायचे आणि माणूस मार्चनंतर येणार नाही यावर जागेचं भाडं बसवायचं. सगळे एकदम आले तर उभं राहायला जागा उरणार नाही. टेकडी कुणाला पॅकेज विकत नाही. ती उरली म्हणजे मिळवलं. टेकडीवरून न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याचं भूत दर दोन वर्षांनी उठतंच. त्यावर लिहा ना एवढं लांब.

हिशेबी
पॅकेजचा विषय निघालाच आहे तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. कुणाची फी कमी झाली? हात वर करा.

वजनकाटा
५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट मिळत नाही. भाड्यावर, मशीनवर भरलेला कर मालकाला वळता करता येत नाही, तो मूळ फीत शिरतो. १३ टक्के खिशात पडतील ही आशा सोडा. त्यापेक्षा पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा: अडीच किलोच्या टप्प्याने डंबेल आहेत का, फी थांबवायची सोय लेखी देतात का, आणि ट्रेनर पहिल्या दिवशी बीपी, औषधं, जुनी दुखणी विचारतो का. विचारण्याआधी प्रोटीनचा डबा दाखवला तर उलट्या पावली परत या. आणि पहिल्यांदा तीनच महिन्यांचे भरा.

पेठेतला
दोघंही चुकताय. शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम १७८३ची. तेव्हा कुठे होता लेग प्रेस? जोर मारा, बैठका काढा, मुद्गल फिरवा. पन्नास जोर, शंभर बैठका, पैसा शून्य. आणि जिमवाले बैठक घालायला शिकवतात ती गुडघा बोटांच्या पुढे जाऊ न देता. खुर्ची शोधतोय की व्यायाम करतोय तेच कळत नाही.

गुडघेदुखी_तज्ज्ञ
नाव गंमतीचं आहे, धंदा फिजिओथेरपीचा. "गुडघा बोटांपुढे नको" हा अर्धवट नियम. तो जबरदस्तीने मागे धरला की गुडघ्यावरचा भार थोडा घटतो, पण धड पुढे झुकतं आणि तो भार कंबर-खुब्यावर कितीतरी पटीने चढतो. गुडघा पुढे जाऊ द्या, आत वळू देऊ नका. टाच उचलली जात असेल तर घोटा आखडलाय. टाचेखाली दीड सेंटिमीटरची फळी ठेवा.

पण पेठेतले साहेब, तालमीतली बैठक टाचा उचलून, झपाझप असते. ती लहानपणापासून रोज करणाऱ्याला पचते. पंचेचाळिशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी शंभर काढल्या तर मांडीचे स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात जाऊ शकतं. दोनेक दिवसांत मांड्या सुजून दगड होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. तेव्हा तेल चोळत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. सुरुवात दहाच्या दोन सेटनी, एक दिवस आड.

पेठेतला
म्हणजे अडीचशे वर्षं पैलवान मूर्ख होते?

गुडघेदुखी_तज्ज्ञ
पैलवान नव्हे. त्यांची पहिल्या दिवशी नक्कल करणारे.

पेठेतला
वस्ताद पण पोराला पहिल्या दिवशी शंभर काढायला लावत नाही हो! आकडा हळूहळूच वाढवतो. तुमचा तो 'अडीच किलो' त्याने आधीच शोधलाय, फक्त तक्त्यात लिहिला नाही.

वजनकाटा
मग भांडतोय कशावर आपण? वस्ताद असेल तर तालीम उत्तमच. माझी तक्रार एकट्याने, मोबाइल बघून, शंभरीपासून सुरू करणाऱ्यांबद्दल आहे. एकच सांगा, साठीच्या बाईला पेठेतल्या किती तालमी दारात घेतात?

हिशेबी
शांतता. पहिल्यांदाच.

टेकडीकर
गुडघ्यांवरून आठवलं. उतरताना गुडघे कुरकुरतात ते टेकडीमुळे, असं आता कुणीतरी म्हणणारच.

गुडघेदुखी_तज्ज्ञ
टेकडी निर्दोष. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो. तो अशक्त असेल तर गुडघ्याच्या वाटीला त्रास. वीस सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसरी टाच तीन सेकंद घेत जमिनीला टेकवा, वर या. दर पायाला आठ, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलेलं हवं. त्यापेक्षा जास्त असेल तर पायरी दहाची करा. सहा आठवड्यांनी हातात पाच किलो घ्या.

पेठेतला
पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. तिथे करा, फुकट.

गुडघेदुखी_तज्ज्ञ
एकच लागते. घरच्या जिन्याचीही चालेल.

टेकडीकर
बरं, दोन दिवस तुमच्या त्या लोखंडाचे. पाच दिवस टेकडीचे. याला शरणागती समजू नये, आणि वर्षाचं पॅकेज तर नाहीच. ती टाचेखालची फळी दीड सेंटिमीटर म्हणालात ना? घरचा पोळपाट अडीचचा आहे, उपडा घातला तर चालेल का?

हिशेबी
आधी घरात विचारा.