मदत हवी आहे: प्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव असलेल्या बाळाला घरी कसे सांभाळावे?

माझ्या ५ महिन्यांच्या मुलाला न्यूमोनियामुळे १९ दिवस अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. सुरुवातीला खोकला किरकोळ होता आणि ताप जवळजवळ नव्हता. मात्र दूध पिताना तो मध्येच थांबून धापा टाकत असे आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असे. रक्तातील लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी वयाच्या मानाने फारच कमी आढळल्या आणि पुढील तपासण्यांत ‘स्किड’ (प्रतिकारशक्तीचा जन्मजात गंभीर अभाव) या आजाराचे निदान झाले. फुप्फुसातील संसर्ग न्यूमोसिस्टिस या बुरशीचा होता.

सध्या को-ट्रायमोक्साझोल हे संसर्गरोधक औषध आणि ठरावीक अंतराने शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) सुरू असून अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी दात्याचा शोध चालू आहे. बीसीजी किंवा रोटाव्हायरससारख्या जिवंत लसी त्याला द्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट केले आहे. त्याबाबत शंका नाही.

प्रश्न घरचा आहे. मोठी मुलगी शाळेत जाते आणि तिला साधी सर्दी करणारा आरएसव्हीसारखा विषाणू याला पुन्हा व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकतो. प्रत्यारोपणापर्यंतचे महिने ज्यांनी घरी काढले, त्यांनी भावंडांना पूर्णपणे वेगळे ठेवले का, की मास्क, हात धुणे आणि शाळेतून आल्यावर कपडे बदलणे एवढ्यावर भागले? शिवाय बाळाने पाय हलवला की ऑक्सिमीटर ८८ दाखवतो आणि शांत झाल्यावर ९७ (रात्री हा खेळ जीवघेणा वाटतो), तेव्हा रुग्णालयात जायला नेमके कधी निघायचे, हे तुम्ही डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतले होते का?