पडीक शेनिन ब्लाँची बाग: उपटावी की वेगळी पांढरी वाईन करावी?

वैरागकर_बागायतदार

नमस्कार मंडळी. वैरागजवळ (ता. बार्शी) दीड एकर शेनिन ब्लाँ (पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची जात) आहे. लागवड २००४ ची, डॉगरिज खुंटावर (ज्याच्या मुळांवर शेनिनचं कलम केलं ती जात), वाय आकाराचा मांडव, अंतर ९ बाय ५ फूट. जमीन हलकी मुरमाड, खाली चुनखडी. वाईनसाठीची खरेदी थांबल्यापासून बाग पडून आहे. सहा वर्षं छाटणी नाही, ठिबक निम्मं बंद, तिसरा हिस्सा वेली मेलेल्या. या फेब्रुवारीत घड तपासले तर एका वेलीवर १७ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), शेजारच्या वेलीवर २३. सगळ्यांच्या एकत्र रसाचा पीएच ३.८ (पीएच जितका जास्त, तितका आंबटपणा कमी).

गावात सगळे म्हणतात उपटून डाळिंब लावा. पण एक परवानाधारक छोटी वायनरी ५०० लिटरची स्वतंत्र टाकी द्यायला तयार आहे. नेहमीची गोडसर पांढरी नको, या बागेची म्हणून ओळखू येईल अशी कोरडी वाईन हवी. प्रश्न तीन: एप्रिलच्या खरड छाटणीत (जुन्या काड्या कापून वेल नव्याने फुटवायची छाटणी) खोडापासून कापावं का? तोडणी कोणत्या ब्रिक्सला? यीस्ट विकतचं की बागेतलं?

ओलांडा

दादा, उपटू नका, पण सगळी बाग एकदम खोडापासूनही कापू नका. एप्रिलच्या उन्हात उघडं पडलेलं जुनं खोड भाजतं, आणि मुळात साठा कमी असेल तर फूटच येत नाही.

आधी प्रत्येक वेलीला खूण करा. साल नखाने खरवडून हिरवं दिसलं तर वेल जिवंत. मग फूट कुठून आली आहे ते बघा. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट म्हणजे डॉगरिज; पडीक बागेत निम्म्या "जिवंत" वेली अशाच निघतात. डॉगरिजचं पान जवळजवळ अखंड असतं, शेनिनच्या पानाला खाचा स्पष्ट दिसतात. पान बघून ती फूट मुळाशी काढून टाका.

खरड छाटणीत या वर्षी एकाच बाजूचा ओलांडा (तारेवर आडवा धरलेला फाटा) नव्याने धरायचा. जोडाच्या वर, खोडाच्या माथ्याजवळ आलेली पेन्सिलीएवढी काडी निवडा आणि तारेवर बांधा. दुसऱ्या बाजूचा जुना ओलांडा तसाच ठेवून त्यावरच्या काड्या एक-दोन डोळ्यांवर (कळ्यांवर) आणा. ती बाजू पुढच्या एप्रिलला. खोड कापावंच लागलं तर कापलेल्या तोंडात तपकिरी पाचरीसारखा डाग दिसतो का बघा. तो संपून स्वच्छ लाकूड लागेपर्यंत खाली या. भोकं आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे, ते लाकूड बागेबाहेर नेऊन जाळा. मोठ्या जखमांवर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी).

ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी काड्यांचे डोळे प्रयोगशाळेत तपासून घ्या. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळल्याशिवाय अंदाजाने कापलं तर वांझ फुटी येतात.

उत्पादनाचा हव्यास नको. दीड एकरात या अंतरावर साधारण १४५० वेली बसतात, तुमच्याकडे साडेनऊशेच्या आसपास उरल्या. ५०० लिटर चांगल्या रसाला एक टन द्राक्ष पुरतं, म्हणजे वेलीला किलोभर. पहिल्या वर्षी त्याहून जास्त घड ठेवलेत तर वेल पुन्हा बसेल.

मेलेल्या जागी नवं कलम लावलंत तर त्याचं फळ दोन-तीन वर्षं या वाईनमध्ये मिसळू नका.

मुरमाड

छाटणीचं वर आलंच आहे. खरी अडचण तो ३.८ पीएच आहे. यात आपल्या सोलापूर जिल्ह्याची सवय नडते. सोनाका ही खाण्याच्या द्राक्षाची जात ज्या जिल्ह्यातल्या नान्नजला निघाली, तिथल्याच आपण लोकांनी खाण्याच्या द्राक्षाचं शास्त्र अंगात मुरवलंय: मणी फुगवा, गोडी वाढवा, शेवटी पोटॅश सोडा. वाईनच्या द्राक्षाला हे तिन्ही उलटं पडतं.

डॉगरिज खुंट मुळातच पोटॅश जास्त उचलतो. रसात पोटॅशियम वाढलं की टार्टरिक आम्लाला धरून खाली बसतं आणि पीएच चढतो. म्हणून ०:०:५० (पोटॅशचं विद्राव्य खत) सवयीने सोडायचं बंद. फुलोऱ्यात देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी) करून घ्या, कमतरता दिसली तरच द्या. जिबरेलिकला (मणी फुगवणारं संजीवक) हातही लावू नका, शेनिनचा घड आधीच घट्ट असतो. मणी फुगले की एकमेकांना चेपून फुटतात आणि आंबट कूज सुरू होते. घडाभोवतीची सकाळच्या बाजूची पानं काढा, दुपारच्या उन्हाची बाजू झाकलेली राहू द्या.

भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारत असाल तर तोडणीआधी पाच-सहा आठवडे थांबवा. सालीवर उरलेल्या गंधकाचा टाकीत कुजक्या अंड्यासारखा वास होतो.

तोडणी दोनदा करा. पहिली १८.५ ते १९ ब्रिक्सला, एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शाची. यात आम्ल आणि ताजेपणा मिळतो. दुसरी २२ ला, वाईनला अंग (भरदारपणा) यावं म्हणून. दोन्ही वेगळे आंबवून नंतर मिसळले तर अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आसपास राहतं. टाकी एकच असल्याने पहिल्या तोडणीसाठी लहान भांडं वायनरीकडून आत्ताच ठरवून घ्या. १७ आणि २३ वाल्या वेली आत्ताच रंगाने खुणावून ठेवा, वेगवेगळ्या तोडाव्या लागतील.

नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर (ब्रिक्स मोजायचं यंत्र) तोडणी ठरवू नका. १० मिलि रस घ्या, ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने पीएच ८.२ पर्यंत न्या, लागलेले मिलि गुणिले ०.७५ म्हणजे लिटरमागे ग्रॅम आम्ल. ६.५ ते ७ असताना तोडलं तर नंतर फार डागडुजी लागत नाही.

वैरागकर_बागायतदार

पोटॅशचं डोक्यातच नव्हतं, आभार. पण पीएच तरी जास्तच आला तर टार्टरिक घालून ३.८ चा ३.४ करता येईल ना? आणि घरीच ५० लिटरचा नमुना करून बघू का?

तळघर

घरी नको. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली परवान्याशिवाय वाईन बनवणं गुन्हा आहे, नमुना म्हणूनसुद्धा. सगळं त्या वायनरीतच करा, आणि टाकी, थंडाव्याचा खर्च, बाटल्या कोणाच्या नावावर, हे लेखी घ्या.

टार्टरिकचं गणित असं: लिटरला १ ग्रॅमने पीएच अंदाजे ०.१ उतरतो. म्हणजे तुम्हाला ४ ग्रॅम लागेल, आणि एवढं घातलं की वाईन दातांना लागते. १ ते १.५ ग्रॅमपर्यंत ठीक, तेही आंबवण्यापूर्वी.

पहाटे तोडा, २० किलोच्या क्रेटमध्ये, उन्हं चढायच्या आत वायनरीत पोचवा. घड न सोडवता अख्खेच दाबा. टनामागे पहिले ५०० लिटर वेगळे धरा. जोरात दाबून निघणाऱ्या रसात सालीतलं पोटॅशियम येतं, तो वेगळ्या भांड्यात. रस निघताच १०० लिटरला ९ ग्रॅम केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (साधारण ५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड), मग १० ते १२ अंशांवर २४ तास निवळू द्या. अगदी आरशासारखा करू नका, थोडा गढूळपणा यीस्टला लागतो.

पडीक बागेच्या रसात नत्र कमी असतं, इथंच बहुतेकांची फसगत होते. यीस्टला पचणारं नत्र तपासून घ्या आणि लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास आणा. लिटरला ०.३ ग्रॅम डीएपीने (डायअमोनियम फॉस्फेट) सुमारे ६० मिलिग्रॅम वाढतं. डीएपी खाद्य दर्जाचंच, खताच्या गोणीतलं नाही! निम्मं सुरुवात झाल्यावर, निम्मं एक तृतीयांश साखर उतरल्यावर. ब्रिक्स १० च्या खाली गेल्यावर घातलेलं यीस्ट उचलत नाही.

तापमान १४ ते १६ अंश. थंडावा बंद पडला तर काय होतं तेही समजून घ्या: एक ब्रिक्स साखर आंबताना रस हिशेबाने १.३ अंश तापतो. २२ ब्रिक्सचा रस १५ वरून, उष्णता बाहेर गेलीच नाही तर, ४० पार जाईल आणि यीस्ट मरेल. मार्चमधली आपल्याकडची दुपार बघता जनरेटरची चौकशी आधी करा. ब्रिक्स रोज एक-दीडने उतरला तर वेग बरोबर.

मॅलोलॅक्टिक (जिवाणूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं) होऊ देऊ नका, उष्ण भागात मॅलिक आधीच कमी असतं. आंबणं संपलं की बारीक गाळावर (तळाशी बसलेल्या यीस्टवर) दोन-तीन महिने ठेवा, आठवड्यातून एकदा ढवळा. वापरलेलं २२५ लिटरचं लाकडी पिंप मिळालं तर एक हिस्सा त्यात, पण थंड खोलीतच. नवं लाकूड अजिबात नको, शेनिनचा सगळा वास व्हॅनिलाखाली जातो.

बाटलीआधी नमुना ८० अंशांवर दोन तास गरम करून थंड करा. ढगाळला तर प्रथिनं आहेत. १०० लिटरला २५, ५०, ७५ ग्रॅम बेंटोनाइटच्या (प्रथिनं ओढून खाली बसवणारी माती) चाचण्या लावा आणि ज्यात पहिल्यांदा स्वच्छ राहील तेवढंच वापरा. मोकळा सल्फर डायऑक्साइड पीएच ३.४ ला ३२ पीपीएम पुरतो, ३.६ ला ५० लागतो. पीएच खाली ठेवायचा आग्रह यासाठीही.

ओलांडा

बागेतल्या यीस्टचा प्रश्न राहिला. माझं मत, पहिल्या वर्षी तरी करून बघावं.

तळघर

सगळ्या टाकीवर नको. फुटक्या मण्यांवर ज्या जाती असतात त्या आंबट व्हिनेगर आणि नेलपॉलिशचा वास देतात. मधला मार्ग: मुख्य तोडणीच्या पाच दिवस आधी २५ किलो निरोगी घड घेऊन वायनरीतच वेगळे आंबवा. वास स्वच्छ असला तर ते विरजण टाकीच्या ३ ते ५ टक्के घाला. जरा शंका आली तर ओतून द्या आणि विकतचं यीस्ट १०० लिटरला २५ ग्रॅम घ्या, दहापट कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) वीस मिनिटं भिजवून. विरजण आणि रसाच्या तापमानात १० अंशांहून जास्त फरक नको, नाहीतर यीस्ट गारठून बसतं.

मुरमाड

याला सहमत. देठ परीक्षणाला आणि डोळे तपासणीला मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे विचारा. आणि खरड छाटणीआधी ठिबक धुवून घ्या, चुनखडीच्या पाण्याने ड्रिपर बुजलेत. आम्ल वेगळ्या दिवशी, क्लोरीन वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र झाले तर विषारी वायू निघतो.