झ्वोनिमिर, ज्वोनिमिर की झ्व्होनिमीर? क्रोएशियन नाव मराठीत लिहिताना

रेफ (धागाकर्ता)
१९९८च्या विश्वचषकात क्रोएशियाला तिसरं स्थान मिळवून देणाऱ्या फुटबॉल कर्णधाराचं, बोबानचं, पहिलं नाव मराठीत तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. त्याच नावाचा जुना क्रोएशियन राजा आणि गणितज्ञ यांचीही तीच गत. माझं मत ठाम आहे: इंग्रजीची वाट सोडून थेट क्रोएशियन उच्चारावरून लिहावं, म्हणजे 'झ्वोनिमिर'.

क्रोएशियनमध्ये जे लिहितात तेच बोलतात, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. पहिला वर्ण घर्षणाचा आहे, त्याला आपल्याकडे झ. 'ज्व' लिहिलंत तर ज्वर, ज्वाला वाचायची सवय असलेला वाचक तालव्य ज उच्चारणार. पुढचा व आपल्या 'वारा', 'विहीर'मधलाच, वरचे दात खालच्या ओठाला जेमतेम टेकवणारा. 'व्ह' आपण व्हॅन आणि व्होल्टसाठी घेतला, तो इथे कशाला? 'झ्व्हो' म्हणजे तीन व्यंजनांची मोळी, वाचताना जीभ अडखळते.

आडनावांतही तेच. बोबन नको, बोबान हवं. क्रोएशियन आ आखूड असला तरी तो आ-च आहे, आपल्या 'बन'मधला अ नव्हे. त्याच संघातल्या खेळाडूचं सोल्डो नको, सोल्दो हवं, कारण त्यांचे त आणि द दंत्य आहेत. गणितज्ञ यांकोचं 'जान्को' होतं, कारण त्यांच्या य-साठीचं रोमन अक्षर आपण इंग्रजी पद्धतीनं ज वाचतो.

मुद्रितशोधक
धागाकर्त्याशी असहमत. उच्चार बरोबर असेल, पण वाचक शोधणार कसा? फुटबॉलपटू 'मॉड्रिच'चं नाव लाखो वेळा छापलं गेलंय. आज 'मोद्रिच' लिहिलंत तर ज्याला बातमी हवी त्याला ती सापडत नाही आणि ज्याला सापडते तो छपाईची चूक समजतो. रूढ झालेलं नाव तसंच ठेवा, रूढ नसलेल्यांना तुमचे नियम लावा. दैनिकाच्या कामात हाच व्यवहार शक्य आहे.

रेफ
मग चूक कुठे होते तेही बघा. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरातून अक्षरांवरच्या खुणा गळतात. एस-वर उलटी टोपी असली की तो श, टोपी गळली की स. म्हणून २००१चा विम्बल्डन विजेता इवानिशेविच आपल्याकडे 'इवानिसेविच' झाला. हे रूढ होणं नाही, खूण हरवणं आहे. तीच टोपी झेड-वर असेल तर तो 'प्लेझर'मधला वर्ण, त्याला मराठीत अक्षरच नाही आणि तिथे झ लिहिणं ही नाइलाजाची तडजोड. झ्वोनिमिरच्या पहिल्या अक्षरावर मात्र टोपी नाही, म्हणून इथे झ चोख बसतो. लिहिण्यापूर्वी मूळ क्रोएशियन रूप एकदा उघडून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

वेलांटी
उच्चार मान्य, शेवट अमान्य. मराठीत अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ: गरीब, वकील, जमीन. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद. झ्वोनिमिर संस्कृत नाही, मग 'झ्वोनिमीर' लिहा. 'व्लादिमीर' लिहिताना कुणी हरकत घेत नाही, त्यातला 'मीर' वेगळा आहे का? बाहेरच्या भाषेची ऱ्हस्व-दीर्घाची मोजपट्टी मराठी लेखनाला लावायची तर 'गरीब'ही सुधारावं लागेल.

आणि विभक्तीत गोंधळ नको. सामान्य नामात 'गरिबाला' होताना वेलांटी पहिली होते, व्यक्तिनामात होत नाही. राजीवला, प्रदीपने, तसंच झ्वोनिमीरला.

शिलाक्षर
सगळे आजच्या उच्चाराबद्दल भांडताय, पण नाव अकराव्या शतकातलं आहे. राजाचा मुकुट धारण करण्याचा सोहळा क्रोएशियातल्या सोलिन गावी झाला, ८ ऑक्टोबरला. वर्ष १०७५ की १०७६ यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पोपच्या प्रतिनिधीसमोर घेतलेल्या लॅटिन शपथेत राजा स्वतःला 'देमेत्रियस, ज्याला स्विनिमिर असंही म्हणतात' असं सांगतो. साधारण ११००च्या, क्रोएशियातल्या बाश्का गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात ग्लागोलिती या जुन्या स्लाव्ह लिपीत तेच नाव आहे, पण झ आणि व यांच्या पुढे, जिथे आज आपण ओ म्हणतो तिथे, अगदी आखूड, आता लुप्त झालेल्या स्वराचं चिन्ह कोरलंय. म्हणजे 'झ्वो'मधला ओ त्या दगडावर नाहीच. राजाबद्दल लिहिताना 'थेट मूळ उच्चार' हा दावा टिकत नाही.

तो दगड जवळपास दोन मीटर रुंद, एक मीटर उंच, आणि त्यावर तेरा ओळी. सेंट लुसीच्या मठाला राजानं जमीन दिली, एवढंच पहिल्या भागाचं सांगणं. आपल्याकडच्या दानशिलांच्या वाचकाला हा मजकूर लगेच ओळखीचा वाटेल. मूळ दगड झाग्रेबला अकादमीत आहे, बाश्काजवळच्या युरांद्वोरच्या देवळात प्रतिकृती.

रेफ
शिलाक्षर, माहिती मोलाची, पण निष्कर्ष पटत नाही. आपण 'सातवाहन' लिहितो, नाणेघाटातलं प्राकृत रूप लिहीत नाही. राजासाठीही आजचे क्रोएशियन झ्वोनिमिरच म्हणतात, तेच धरावं.

अन्वय
अर्थाचंही बोला. झ्वोन म्हणजे नाद (घंटेला झ्वोनो म्हणतात), मिर म्हणजे शांती. संस्कृत 'स्वन' आणि हा झ्वोन एकच, म्हणून मला तर 'स्वनिमिर' सर्वात जवळचं वाटतं. लॅटिन रूपही 'स्वि'नेच सुरू होतं.

शिलाक्षर
अन्वय, ही ओढाताण आहे. स्लाव्ह झ-समोर संस्कृतात सहसा ह किंवा ज येतो: झिमा (हिवाळा) आणि हिम, झ्नाती (जाणणे) आणि ज्ञा. त्या हिशेबानं पाहायचं तर हाक मारण्याचा क्रोएशियन धातू 'झ्वाती' आणि आपला 'ह्वे' (आह्वान त्यातलंच) हे नातं पक्कं आहे. झ्वोनचा माग तिकडे जाण्याची शक्यता अधिक. लॅटिन लेखनिकाकडे झ-साठी सोयीचं अक्षर नव्हतं, त्यानं एस वापरला, एवढाच त्या 'स्वि'चा अर्थ. 'मिर' मात्र जुन्या क्रोएशियन राज्यकर्त्यांच्या नावांत सर्वत्र आहे: क्रेशिमिर, ब्रानिमिर, तर्पिमिर. झाग्रेबचं माक्सिमिर उद्यानही बिशप माक्सिमिलियानचं 'मिर'. १३ मे १९९०ला सामन्यातल्या दंगलीत बोबाननं पोलिसाला लाथ घातली ती त्याच नावाच्या मैदानात.

वेलांटी
'तर्पिमिर' का? तिथे स्वर नाही, र-च स्वराचं काम करतो. आपल्याकडे त्यासाठी ऋ आहे, 'तृपिमिर' लिहा.

शिलाक्षर
मराठी माणूस 'कृष्ण' 'क्रुष्ण' असा वाचतो, त्यामुळे 'त्रुपिमिर' ऐकू येईल. 'तर्'मधला पुसट अ प्रत्यक्ष उच्चाराच्या जास्त जवळ आहे. अडचण बाश्का ज्या बेटावर आहे त्याच्या नावात येते: 'कर्क' लिहिलं तर रास वाटते, 'क्र्क' कुणाला वाचता येत नाही. तिथे मी 'कर्क बेट' लिहून मोकळा होतो.

मुद्रितशोधक
एक व्यवहारातली चूक नोंदवतो, बाजू कुठलीही असो. क्रोएशियन नाव विभक्तीत बदलतं: 'झ्वोनिमिरा' म्हणजे झ्वोनिमिरचा, 'झ्वोनिमिरू' म्हणजे झ्वोनिमिरला. झाग्रेबच्या रस्त्याची पाटी 'उलित्सा क्राल्या झ्वोनिमिरा' अशी वाचून लोक राजाचं नाव झ्वोनिमिरा लिहितात. झ्वोनिमिरा हे बाईचं स्वतंत्र नाव आहे, राजाची राणी होऊन बसते. आणि झ्वोन्को, झ्वोने ही हाकेची रूपं, ती मूळ नावाच्या जागी लिहू नयेत.

रेफ
ही नोंद हवीच होती. वेलांटी, 'मीर'चा तुमचा मुद्दा मान्य, व्लादिमीरचं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हा यापुढे झ्वोनिमीर बोबान, झ्वोनिमीर सोल्दो लिहीन. झ्वोनिमीर यांकोही, ज्यानं १९६५च्या सुमारास १,७५,५६० घटकांचा तो अनोखा ग्रुप (गणितातली एक रचना) शोधला आणि ज्याच्या नावावर असे चार ग्रुप आहेत. 'व्हो' मात्र मी लिहिणार नाही.

मुद्रितशोधक
आणि मी 'मॉड्रिच' बदलणार नाही.