ज्युलिएटलाच सगळा दोष कशाला?

एकानं लिहिलंय की शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकातली ज्युलिएट उतावळी म्हणून मेली. उतावळी होतीच की ओ, पण वय बघा ना, चौदासुद्धा पूर्ण नाहीत, म्हणजे आमच्या बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सोडाच, दहावीलाही बसली नसती. रविवारी रात्री रोमिओशी भेट, सोमवारी दुपारी लग्न, आणि ते लावणारा कोण तर शहाणासुरता पाद्री, त्याला वाटलं दोघांच्या घराण्यांचं भांडण मिटेल. मूळ गोष्टीवर आर्थर ब्रूकनं १५६२ मध्ये काव्य लिहिलं त्यात हे सगळं कित्येक महिने चालतं आणि पोरगी सोळाची आहे, शेक्सपिअरनं मुद्दाम वय उतरवलं आणि दिवस आवळले. तिला स्वतःलाही घाई कळते, बाल्कनीत ती तसं बोलून दाखवते, तरी लग्नाचा विषय तीच काढते!

पण मला खरा राग येतो तो दाईचा. बाप गुरुवारी पॅरिस नावाच्या दुसऱ्याच मुलाशी लग्न ठरवतो, आई तोंड फिरवते, आणि जिनं रोमिओला निरोप पोचवले ती दाईच म्हणते आता पॅरिसशीच कर लग्न. मग पोरीनं जायचं कुठं? पाद्रीकडंच ना. त्याची ती मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाची बाटली, आणि हे कळवायला रोमिओला धाडलेली चिठ्ठी प्लेगच्या बंदीत अडकलेली.

आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली रंगभूमीवर आणलेली शकुंतला पण अशीच, बापाला न विचारता गांधर्व विवाह, फक्त नवऱ्यानं नाकारल्यावर तिला आसरा द्यायला मारीच ऋषींचा आश्रम होता.