ओट्स, फुगलेलं पोट आणि कोरियातल्या चार प्रकृती

अबोली:
सोलमध्ये माझं हे चौथं वर्ष. रात्री ओट्स थंड दुधात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी तसेच खायचे, हा नेम. दहा वाजेपर्यंत पोट टम्म! शेवटी हानुइवॉनमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली, तळहात चाचपून गार आहेत का ते बघितलं आणि म्हणाले, तुमची प्रकृती 'सोउम', इथल्या चार प्रकृतींपैकी एक. ओट्स बंद करा, चिकट तांदळाची पेज आणि आल्याचा चहा घ्या. महिनाभरात पोट ताळ्यावर आलं. एकच धान्य सगळ्यांना मानवत नाही, हे आता मला पटलंय.

खडीसाखर:
अहो, ओट्स गेले, गार दूध गेलं आणि आलं आलं. मग खापर ओट्सवरच का? दूधच पचत नसेल! ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्येच ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. प्रकृतीच्या नावाखाली कुणी हे सोडलं तर माझा जीव तुटतो.

रानवारा:
खडीसाखर, कोलेस्टेरॉलचं मान्य. पण सासांग, म्हणजे कोरियातल्या चार प्रकृतींच्या उपचारपद्धतीचा प्रश्नच वेगळा आहे. कोरियन वैद्य ली जे-मा यांनी १८९४ मध्ये थेयांग, थेउम, सोयांग, सोउम अशा चार प्रकृती मांडल्या. सोउममध्ये मूत्रपिंड बलवान, प्लीहा (या पद्धतीत पचन सांभाळणारा अवयव) दुबळी, म्हणून पचन गार. सोयांगमध्ये नेमकं उलट. त्यामुळे सोयांगला थंड गुणाचा जव, तर सोउमला कोंबडी, आलं, जिनसेंग. आपल्या वात-पित्त-कफाची मोजपट्टी इथे लावू नका.

खडीसाखर:
पण प्रकृती ठरवतं कोण? माझ्या भावाला बुसानमध्ये एकाने सोउम सांगितलं, दुसऱ्याने थेउम. एकाच्या यादीत गोमांस टाळा, दुसऱ्याच्या यादीत भरपूर खा. माणूस एकच, पोट एकच!

रानवारा:
तो निदानाचा घोळ. त्यावरून आख्खी पद्धत मोडीत कशी काढता?

खडीसाखर:
निदानच डळमळीत असेल तर ताटातला घास कशाच्या भरवशावर काढून घ्यायचा?

अबोली:
दुधाचं तुमचं म्हणणं मनाला लागलं. तीन दिवस झाले, ओट्स नुसत्या पाण्यात, मीठ घालून पंधरा मिनिटं रटरट शिजवतेय. आलंही नाही. पोट अजून फुगलेलं नाही. आणखी दहा दिवस असंच खाईन, मग गरम दूध घालून बघेन.